रुग्णशय्येजवळची उमेदवारी

अमेरिकेतील एखादी परिचारिका पुष्कळ वर्षे वॉर्डात काढल्यानंतर नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे निदान व उपचार करण्याचा अधिकार असलेली परिचारिका, होण्याच्या इराद्याने विद्यापीठात नाव दाखल करते, शुल्क भरते, विकृतिशास्त्र, औषधिशास्त्र आणि शारीरिक तपासणी या विषयांच्या परीक्षा उत्तीर्ण होते, आणि त्यानंतर तिला असे कळविण्यात येते की, यापुढील शेकडो तास तिने प्रत्यक्ष रोग्यांमध्ये, एखाद्या परवानाधारक चिकित्सकाच्या देखरेखीखाली काढावयाचे असून, ज्याला तिकडे प्रीसेप्टर म्हणतात तो चिकित्सक तिचा तिनेच शोधून काढावयाचा आहे. सगळ्याच विद्यापीठांचा हा शिरस्ता नाही. कित्येक विद्यापीठे आपली जबाबदारी ओळखून विद्यार्थिनीची सोय स्वतः लावून देतात. परंतु ज्यांचा हा शिरस्ता आहे त्यांच्या विद्यार्थिनी नोकरी, संसार आणि अभ्यास सांभाळून दवाखान्यांमागून दवाखान्यांना अर्ज धाडीत, ओळखीपाळखी काढीत, नकार पचवीत महिनेच्या महिने घालवितात, आणि वेळेत कोणी मिळालेच नाही तर भरलेले शुल्क व केलेला अभ्यास तसाच ठेवून पुढच्या सत्राची वाट पाहत बसतात. या स्थितीला आजच्या काळाचा दोष म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण तिची पाळेमुळे अडीच शतके खोल गेलेली आहेत, आणि ती उकरून पाहिल्यावाचून या स्त्रियांवरील अन्याय नेमका कोठे आहे हे ध्यानात येत नाही.

फिलाडेल्फिया शहरात १७६१ साली बेंजामिन रश नावाचा पंधरा वर्षांचा एक पदवीधर मुलगा डॉक्टर जॉन रेडमन यांच्याकडे वैद्यकीची उमेदवारी करण्यास राहिला. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांच्या स्वाक्षऱ्या झाल्या त्यांत या रशचे नाव आहे. पण त्या वेळी तो गुरूच्या औषधालयातला एक हरकाम्या होता. औषधे कुटावी, गोळ्या वळाव्या, मलमपट्ट्या कराव्या, गुरूच्या हिशेबाची वही लिहावी, रोग्यांकडे जाताना गुरूबरोबर जावे आणि हात बसल्यावर रक्त काढण्याचे काम आपण करावे, असा तो क्रम होता. आपल्या आठवणींत रशने नमूद करून ठेवले आहे की, सुमारे साडेपाच वर्षांच्या त्या मुदतीत तो अवघे अकरा दिवस कामावर गैरहजर होता. ही उमेदवारी चालू असतानाच, १७६५ साली, रेडमनचाच पूर्वीचा शिष्य जॉन मॉर्गन याने त्या शहरात वैद्यकीय विद्यालय सुरू केले. अमेरिकेतील वसाहतींमधले ते पहिले होय. रश तेथील व्याख्यानांना जाई, पण व्याख्यान ऐकून परत यावयाचे ते रेडमनच्याच औषधालयात.

एकोणिसाव्या शतकात या पद्धतीला ठरीव रूप आले. वैद्य होऊ इच्छिणाऱ्या तरुणाने एखाद्या प्रतिष्ठित वैद्याच्या दप्तरी तीन वर्षे नाव लावावे, त्याबद्दल वर्षाला सुमारे शंभर डॉलर द्यावे, त्याचे ग्रंथ वाचावे, त्याच्याबरोबर घोड्यावरून फिरावे, आणि मुदत संपल्यावर सद्वर्तनाचा व अभ्यासाचा दाखला घ्यावा. तो दाखला जवळ असून विद्यालयातील व्याख्यानांची दोन सत्रे ऐकली असतील तरच पदवीच्या परीक्षेस बसण्याची मुभा मिळे. ही सत्रे जेमतेम चार महिन्यांची असत, आणि दुसऱ्या सत्रात पहिल्याच व्याख्यानांची पुनरावृत्ती होई. म्हणजे पदवी विद्यालयाची असली तरी विद्या बव्हंशी त्या एका गृहस्थाची असे. तो विद्वान व दक्ष असला तर शिष्याचे भाग्य उघडे. आळशी असला तर तीन वर्षे घोड्याला दाणावैरण करण्यात जात आणि दाखला मात्र तोच मिळे. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि तिच्यात एक गोष्ट स्वच्छ होती. शिकविणे हे श्रमाचे काम आहे, त्याला मोल आहे, आणि ते मोल कोणी कोणास किती द्यावयाचे हे उभय पक्षांना आरंभीच ठाऊक असे.

ज्यांना गुरूच मिळत नसे, अशांचा इतिहास अर्थात निराळा आहे. एलिझाबेथ ब्लॅकवेल हिने वैद्य होण्याचे मनात आणले तेव्हा तिच्यापाशी पैसाही नव्हता आणि स्त्रीला शिष्य म्हणून पत्करील असा वैद्यही नव्हता. उत्तर कॅरोलायनातील अ‍ॅशव्हिल येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी राहून तिने संगीत शिकविण्याची नोकरी धरली. तो धर्मोपदेशक, जॉन डिक्सन, पूर्वी वैद्य होता, म्हणून त्याचे ग्रंथ तिला वाचावयास मिळाले. पुढे चार्ल्सटन येथे त्याचा भाऊ सॅम्युएल डिक्सन याच्याकडे, आणि नंतर फिलाडेल्फियात डॉक्टर जोसेफ वॉरिंग्टन यांच्याकडे तिने अभ्यास केला. एकामागून एक विद्यालयांनी तिला नाकारल्यावर वॉरिंग्टन यांच्या शिफारसपत्राचा विचार करून न्यूयॉर्क संस्थानातील जिनीव्हा या लहानशा गावच्या विद्यालयाने तो प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांच्या मतावर सोपविला, विद्यार्थ्यांनी ती थट्टा समजून एकमताने होकार दिला, आणि १८४७ च्या अखेरीस ती तेथे दाखल झाली, ही हकीकत बहुतेकांनी ऐकलेली असते.

त्या मानाने १८४८ च्या उन्हाळ्यातील हकीकत कमी सांगितली जाते, आणि माझ्या मते तीच अधिक बोलकी आहे. दोन सत्रांच्या मधल्या महिन्यांत रोगी पाहावयास मिळावे म्हणून ब्लॅकवेलने फिलाडेल्फियातील ब्लॉकली या अनाथ-दरिद्र्यांच्या मोठ्या रुग्णालयात राहण्याची मंजुरी मिळविली. त्या वर्षी आयर्लंडातून आलेल्या निर्वासितांमध्ये जहाजावरील टायफस ज्वराची साथ फैलावली होती आणि खाटा भरून गेल्या होत्या. तेथील मुख्य वैद्याने तिला सौजन्याने वागविले. पण तरुण निवासी डॉक्टर ती वॉर्डात शिरली की वॉर्ड सोडून निघून जात. एवढ्याने भागले नाही. प्रत्येक खाटेच्या उशाशी एक पत्रक लावलेले असे व त्यावर रोगाचे नाव आणि चाललेले औषध लिहिण्याची तेथे वहिवाट होती. ब्लॅकवेल आल्यापासून त्या डॉक्टरांनी पत्रकावर लिहिणेच बंद केले. रोगी समोर, खाट समोर, आणि पत्रक कोरे! विद्या कोंडून ठेवण्याचा याहून परिणामकारक उपाय मला ठाऊक नाही, कारण त्यात दार बंद करावे लागत नाही आणि कोणी अडविले अशी तक्रारही करता येत नाही. तिने स्वतःच्या निरीक्षणावर भिस्त ठेवली आणि त्याच साथीवर आपला प्रबंध लिहिला. १८४९ च्या जानेवारीत तिला पदवी मिळाली. पुढे लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट यांच्या कृपेने तिला सर्व वॉर्ड मोकळे झाले, फक्त एक सोडून. तो वॉर्ड स्त्रीरोगांचा होता.

फिलाडेल्फियातच १८५० साली स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय विद्यालय निघाले, तेव्हा व्याख्यानांची सोय झाली, रुग्णशय्येची झाली नाही. त्या विद्यालयाच्या पहिल्या तुकडीची पदवीधर अ‍ॅन प्रेस्टन हिने हे वर्म अचूक ओळखले होते. १८५८ साली तेथील जिल्हा वैद्यक मंडळाने ठराव करून स्त्री-वैद्यांशी सल्लामसलत करण्यास आपल्या सभासदांना मनाई केली; प्रेस्टनने त्याला उत्तर म्हणून वर्गणी गोळा करण्यास प्रारंभ केला आणि १८६१ साली स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. ते अपुरे पडू लागले तेव्हा पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात शनिवारी होणाऱ्या रुग्णपाठांना आपल्या विद्यार्थिनींना बसू द्यावे अशी परवानगी तिने मिळविली. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी सुमारे तीस विद्यार्थिनी त्या सभागृहात जाऊन बसल्या. तेथे जमलेल्या शेकडो विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, कागदाचे गोळे फेकले, त्यांच्या वस्त्रांवर तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या. आणि थोड्याच दिवसांत शहरातील नामांकित प्राध्यापकांनी या विद्यार्थ्यांचा निषेध करण्याऐवजी स्त्री-पुरुषांच्या एकत्र रुग्णपाठाचाच निषेध प्रसिद्ध केला. प्रेस्टनचे उत्तर संयत व बिनतोड होते: जेथे रोगी म्हणून स्त्रीला आणणे योग्य ठरते, तेथे विद्यार्थिनी व वैद्य म्हणून तिने येणे अयोग्य कसे ठरेल?

याच विद्यालयात १८८३ साली आनंदीबाई जोशी दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर होऊन बाहेर पडल्या. आनंदीबाईंचे धैर्य, त्यांची प्रकृती, त्यांचा अकाली अंत यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते यथार्थच आहे. परंतु ज्या विद्यालयात त्या शिकल्या त्याच्या विद्यार्थिनींना रोगी पाहावयास मिळावे म्हणून आदल्या पिढीतील स्त्रियांना एक संबंध रुग्णालय बांधावे लागले होते, ही गोष्ट आपल्या चरित्रलेखनात जितकी यावयास हवी तितकी आलेली नाही.

पुरुष डॉक्टरांच्या शिक्षणाचा प्रश्न पुढे निराळ्या मार्गाने सुटला. १८९३ साली बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे वैद्यकीय विद्यालय उघडले, विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून वॉर्डात नेले आणि रोग्याची हकीकत लिहिण्याचे, तपासण्या करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. १९१० साली एब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ विद्यालये पाहून जो अहवाल प्रसिद्ध केला त्याने निकृष्ट विद्यालयांचे आयुष्य संपविले. कृष्णवर्णीयांच्या सात विद्यालयांपैकी पाच बंद पडली, हे त्या सुधारणेचे कटू अंग होय. जे टिकले त्याची घडी मात्र पक्की बसली: विद्यालयाचे स्वतःचे रुग्णालय, त्यातील वेतनधारी अध्यापक, आणि शिकवितानाच रोगी पाहणारे व रोगी पाहतानाच शिकविणारे वैद्य. डॉक्टरी शिकणाऱ्या मुलाने गुरूच्या शोधात दारोदार फिरण्याचे प्रकरण तेथे मिटले.

परिचारिकांचे ते मिटले नाही, आणि याचे कारण त्यांच्या शिक्षणाचा पाया निराळ्या व्यवहारावर घातला गेला हे होय. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात शाळा काढली तेव्हा जनतेने दिलेल्या सुमारे चव्वेचाळीस हजार पौंडांचा निधी त्यांच्या हाती होता, आणि शिकविण्याच्या कामाबद्दल मेट्रनला व वॉर्डातील सिस्टरांना त्या निधीतून वेगळा मेहनताना देण्याची तरतूद त्यांनी केली. वॉर्डची सिस्टर हीच तेथील खरी गुरू. मलमपट्टी, जळवा लावणे, रोगी खाटेवर असतानाच चादर बदलणे, रोग्याच्या श्वासाकडे, त्वचेकडे, जिभेकडे पाहणे, या प्रत्येकाबद्दल उमेदवार मुलीची प्रगती दरमहा एका छापील पत्रकात नोंदविली जाई. नाइटिंगेल यांच्या व्यवहारी बुद्धीचे मला नेहमीच कौतुक वाटते; कारण त्या केवळ सेवाधर्माचा उपदेश करून थांबल्या नाहीत, तर शिकविणाराच्या श्रमांचा जमाखर्च त्यांनी मांडला.

१८७३ साली न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टन येथे या धर्तीवर शाळा निघाल्या आणि पाहता पाहता अमेरिकेतील बहुतेक रुग्णालयांनी त्यांचे अनुकरण केले, पण त्या जमाखर्चाचे नव्हे. तेथे शाळा म्हणजे रुग्णालयाला मिळालेले जवळजवळ फुकटचे मनुष्यबळ झाले. शिकाऊ मुलींनीच दिवसाचे दहा-बारा तास वॉर्ड चालवावे, दुसऱ्या वर्षाच्या मुलीने पहिल्या वर्षाच्या मुलीला दाखवावे, आणि शिक्षण संपलेल्या परिचारिकेने बाहेर पडून खाजगी नोकरी पाहावी, असा तो कारभार होता. १९२३ साली जोसेफिन गोल्डमार्क यांच्या अहवालाने यावर टीका केली आणि १९४८ साली एस्थर ल्यूसील ब्राउन यांनी परिचारिकांचे शिक्षण विद्यापीठांत न्यावे असा आग्रह धरला. तसे ते हळूहळू गेलेही, आणि त्याबरोबर एक न दिसणारी फारकत घडून आली. परिचर्येच्या प्राध्यापिका विद्यापीठात गेल्या, रोगी रुग्णालयात राहिले, आणि शिकविणाऱ्या व उपचार करणाऱ्या स्त्रिया दोन वेगळ्या संस्थांच्या पगारपत्रकांवर आल्या. रोग्याजवळ शिकविणारी परिचारिका आता विद्यापीठाची कोणी लागत नव्हती. ती जे शिकवी ते सद्भावनेने शिकवी.

केंटकीच्या डोंगराळ मुलखात मात्र एक निराळा प्रयोग चालू होता. मेरी ब्रेकिनरिज हिची दोन्ही मुले लहानपणीच वारली. त्यानंतर तिने मुलांच्या व मातांच्या सेवेला वाहून घेतले. अमेरिकेत परिचारिकेला सुईणीचे शास्त्र शिकविणारी शाळाच नव्हती, म्हणून ती लंडनला जाऊन शिकली, आणि १९२५ साली लेस्ली परगण्यात तिने जी संस्था काढली तिला पुढे फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस हे नाव मिळाले. रस्ते नव्हते; परिचारिका घोड्यावरून नद्या ओलांडून बाळंतिणींपर्यंत जात. त्यांतील पुष्कळशा इंग्लंडात शिकलेल्या होत्या. १९३९ साली युद्ध सुरू होताच ब्रिटिश परिचारिका मायदेशी परतू लागल्या, आणि ज्यांच्याकडून शिकावयाचे त्याच निघून चालल्या हे पाहून ब्रेकिनरिजने त्याच वर्षी स्वतःची शाळा उघडली. परदेशातून आयात केलेल्या गुरूंवर चालणारी विद्या किती कच्च्या धाग्यावर लोंबकळत असते, हे त्या एका वर्षात दिसून आले.

नर्स प्रॅक्टिशनर या व्यवसायाचा जन्म १९६५ सालचा, म्हणजे मॉर्गनच्या विद्यालयानंतर बरोबर दोनशे वर्षांनी. लोरेटा फोर्ड या कोलोरॅडोतील बोल्डर परगण्यात सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिका होत्या. खेड्यापाड्यांतून बालकांच्या तपासणीचे दवाखाने भरत, कधी शाळेत तर कधी चर्चमध्ये. डॉक्टर तेथवर क्वचितच पोहोचत, आणि मूल वाढते आहे की खंगते आहे, त्याला ऐकू येते की नाही, हे ठरविण्याचे काम परिचारिकाच आपल्या अनुभवाने करीत असत. जे काम ती करीतच आहे ते तिला शास्त्रशुद्ध रीतीने शिकवावे आणि त्याचा अधिकार तिला उघडपणे द्यावा, असा विचार फोर्ड व बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी मांडला आणि कोलोरॅडो विद्यापीठात त्याचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आरंभी चार महिने रुग्णालयात कसून शिक्षण, आणि पुढे प्रत्यक्ष क्षेत्रात देखरेखीखाली काम. स्टेथॉस्कोपने मुलाच्या छातीतील आवाज ऐकणे, कानाच्या पडद्याचा रंग व चमक ओळखणे, निरोगी आणि रोगी यांमधील सीमारेषा कोठे आहे ते जाणणे, ही कौशल्ये त्या परिचारिकांनी बालरोगतज्ज्ञांकडून घेतली. दुसरे कोणाकडून घेणार, कारण या व्यवसायात त्यांच्यापुढे कोणी चाललेच नव्हते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे: ज्यांनी त्यांना दाखल करून घेतले त्यांनीच त्यांच्या गुरूंचीही व्यवस्था केली होती. नाव नोंदवून घेऊन गुरू शोधण्यास धाडण्याची कल्पना फोर्ड यांच्या प्रयोगात कोठेही नाही.

विरोध झाला, आणि तो डॉक्टरांइतकाच परिचर्येच्या अध्यापिकांकडूनही झाला. मार्था रॉजर्स यांच्यासारख्या विदुषीला वाटे की, ही परिचर्येची वाढ नसून डॉक्टरांच्या दावणीला जाणे आहे. त्या आक्षेपामागील स्वाभिमान खरा होता. पण आयडाहो संस्थानाने १९७१ साली कायद्यात बदल करून परिचारिकेला निदान व उपचार करण्याचा मार्ग मोकळा केला, इतर संस्थाने एकेक करून मागून आली, आणि आज त्या देशात नर्स प्रॅक्टिशनरांची संख्या साडेतीन लाखांच्या पलीकडे गेली आहे. स्वतः फोर्ड १९७२ साली रॉचेस्टर विद्यापीठाच्या परिचर्याशाळेच्या पहिल्या डीन झाल्या आणि तेथे त्यांनी अध्यापन, रुग्णसेवा व संशोधन एकाच छत्राखाली आणून ती जुनी फारकत सांधण्याचा यत्न केला. जी शिकविते तिने रोगीही पाहावे, हा त्यांचा दंडक होता. त्या १०४ वर्षांचे आयुष्य लाभून २०२५ च्या जानेवारीत निवर्तल्या. हेच सूत्र आपल्या देशातही दिसते: भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा जो दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम गेल्या दशकात सुरू केला, त्यात सुमारे ऐंशी टक्के वेळ प्रत्यक्ष रुग्णसेवेस दिलेला असून शिकण्याचे स्थळ मुळात रुग्णालयच आहे. आपल्याकडे या व्यवसायाची कायदेशीर घडी अजून बसावयाची असली, तरी आरंभ योग्य टोकाकडून झाला आहे असे मला वाटते.

अमेरिकेत पुढे व्यवसाय वाढला, विद्यापीठे वाढली, आणि गुरूंची व्यवस्था मात्र मागे पडली. फ्रंटियरच्याच शाळेने १९८९ मध्ये सुईण-परिचारिकांसाठी असा अभ्यासक्रम काढला की, खेड्यातील परिचारिकेने आपला मुलूख न सोडता शिकावे आणि तिथल्याच जाणत्या चिकित्सकाच्या हाताखाली अनुभव घ्यावा. हेतू उदात्त होता. शिकण्यासाठी शहरात गेलेली स्त्री पुष्कळदा खेड्यात परत येत नाही, हे त्या शाळेला अनुभवाने ठाऊक होते. परंतु पुढे संगणकावरून दूरशिक्षण देणाऱ्या अनेक संस्थांनी या पद्धतीतील सोय तेवढी घेतली आणि जबाबदारी सोडून दिली. हजारो मैलांवरील विद्यार्थिनीकडून शुल्क घेणे त्यांना जमले. तिच्या गावी चिकित्सक शोधणे त्यांना जमेना, म्हणून ते काम तिच्यावरच टाकण्यात आले. या पोकळीत आता पैसे घेऊन प्रीसेप्टर मिळवून देणारे दलालही उभे राहिले आहेत. जुन्या उमेदवारीत शिष्य गुरूला शंभर डॉलर देई; आता तो विद्यापीठाला सहस्रावधी डॉलर देतो, वर दलालाला देतो, आणि कित्येकदा गुरूच्या पदरी त्यातले काहीच पडत नाही.

नकार देणाऱ्या चिकित्सकाला दोष देण्यापूर्वी त्याचा एक दिवस पाहावा. साध्या दवाखान्यात एका रोग्यासाठी पंधरा किंवा वीस मिनिटे नेमलेली असतात. विद्यार्थिनी आत जाऊन मधुमेहाच्या एखाद्या वृद्ध रोग्याची हकीकत विचारते, पायांचे तळवे पाहते, नाडी चाचपते, बोटांना स्पर्शज्ञान आहे की नाही ते पाहते. बाहेर येऊन दाराशी उभ्या असलेल्या प्रीसेप्टरला सारे क्रमाने सांगते आणि आपले अनुमान मांडते. प्रीसेप्टर दोन प्रश्न विचारते, पुन्हा आत जाऊन स्वतः तपासते, करंगळीजवळची विद्यार्थिनीच्या नजरेतून सुटलेली बारीक चीर तिला दाखविते, आणि मग औषध ठरते. या चिरेपाशीच सगळी विद्या आहे. ग्रंथात तिचे वर्णन असते, पण नजर तिथे वळविण्याची सवय दुसऱ्या माणसाच्या नजरेवाचून लागत नाही. तेवढ्या वेळात बाहेर तीन रोगी तिष्ठत असतात. पूर्वी तर विद्यार्थिनीने लिहिलेला केसपेपर सरकारी विम्याच्या देयकासाठी ग्राह्य नसे, म्हणून प्रीसेप्टरला तो सगळा नव्याने लिहावा लागे. तपासून सही करण्याची मुभा नर्स प्रॅक्टिशनरांना २०२० साली मिळाली. किती रोगी पाहिले यावर जेथे पगार व बढती ठरते, तेथे शिकविणारी स्त्री आपल्या पदरचे देत असते. त्यातच दवाखाना व विद्यापीठ यांच्यातील करारनामा, विम्याचे कागद, लसीकरणाचे व चारित्र्याचे दाखले हे सगळे रुजू होईतो सत्र उजाडते, आणि शेजारच्याच खोलीत एखाद्या वैद्यकीय विद्यालयाचा विद्यार्थी आधीच बसलेला असतो. देशव्यापी मानकांनी २०२२ मध्ये प्रत्यक्ष रुग्णसेवेची किमान मर्यादा पाचशे तासांवरून साडेसातशे तासांवर नेली. रोग्यांच्या हिताच्या दृष्टीने ती वाढ मला उचित वाटते. पण हे वाढीव अडीचशे तास कोणाच्या वेळातून निघावयाचे याची तरतूद तिच्याबरोबर झाली नाही.

पैशाचा प्रश्न येथे टाळता येत नाही, आणि तो टाळू नये. ज्या १९६५ साली फोर्ड यांचा अभ्यासक्रम निघाला, त्याच वर्षी जुलैअखेर मेडिकेअर या सरकारी विम्याचा कायदा झाला आणि रुग्णालयांत शिकणाऱ्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा खर्च त्या विम्यातून देण्याची प्रथा पडली. कायदा करणाऱ्यांच्या मनात ती तात्पुरती सोय होती. ती कायम झाली, आणि आज त्यापायी दरवर्षी अब्जावधी डॉलर खर्च होतात. परिचर्येच्या शिक्षणासाठीही काही रक्कम त्यात आहे, पण ती रुग्णालयाने स्वतः चालविलेल्या शाळांना मिळते. आणि परिचारिकांचे उच्च शिक्षण तर विद्यापीठांत गेलेले. प्रतिष्ठेसाठी केलेल्या त्या स्थलांतराची किंमत अशा रीतीने रुग्णशय्येपाशी वसूल झाली.

काही संस्थानांना याची जाणीव झाली आहे. जॉर्जियाने २०१४ साली विनामूल्य शिकविणाऱ्या डॉक्टरांना करात सवलत दिली आणि २०१९ च्या कायद्याने ती नर्स प्रॅक्टिशनर प्रीसेप्टरांनाही लागू केली. हवाईने २०१८ साली तशीच सवलत सुरू केली. याहून मोठा प्रयोग मेडिकेअरनेच केला. २०१० च्या आरोग्य कायद्यान्वये पाच रुग्णालयांना मिळून वीस कोटी डॉलर मंजूर झाले, आणि २०१२ पासून त्यांनी आसपासच्या परिचर्याशाळांशी व दवाखान्यांशी करार करून नर्स प्रॅक्टिशनर व तत्सम प्रगत परिचारिकांच्या प्रत्यक्ष शिक्षणाचा खर्च सोसला. निदान अर्धे शिक्षण रुग्णालयाबाहेर, वस्तीतल्या दवाखान्यांत झाले पाहिजे अशी त्यात अट होती, आणि शिकविणाऱ्या दवाखान्यांना त्याबद्दल मोबदला देण्यासही त्यातून वाव होता. त्या शाळांतून बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढली. २०१८ साली मुदत संपली आणि प्रयोग थांबला. डॉक्टरांसाठीची तात्पुरती सोय साठ वर्षे चालू राहते आणि परिचारिकांसाठीचा यशस्वी प्रयोग सहा वर्षांत आटोपतो, याचे समर्थन करणारा युक्तिवाद मला तरी कोठे आढळलेला नाही. ते पाच करारनामे मात्र अजून दप्तरात आहेत, आणि त्यांतील कलमे जशीच्या तशी उचलून कायमची तरतूद करणे हे अमेरिकेच्या काँग्रेसच्या हातचे काम आहे.